माणूस आधी जातो का माल? पीएचडीचा विषय विचारणाऱ्या पोरीला लांबलेलं उत्तर

प्रश्न आधी इथं उतरवून घेतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्याला कळेल मी काय बडबडतोय. "सर, मी एमए भाग दोनला आहे, गाव गडहिंग्लजजवळ. पीएचडीला स्थलांतर घेऊ का आंतरराष्ट्रीय व्यापार? ओळखीतले एक प्राध्यापक म्हणतात दोन्ही एकत्र जमणार नाही, एक धर. तुम्ही नोकरीभर दोन्ही केलंत, तर नेमकं काय केलंत, यात करिअर आहे का, आणि परत सुरुवात करायची असती तर काय वेगळं केलं असतं?" तुझे वडील माझ्या वर्गात होते असं खाली लिहिलंयस म्हणून सरळ अगंतुगं करतो, राग मानू नकोस.

दोन्ही एकत्रच घे. एक धर म्हणणाऱ्यांचं म्हणणं सोयीचं आहे एवढंच. विद्यापीठात पेपर वेगळे, पुस्तकं वेगळी, शिकवणारे वेगळे, म्हणून विषय वेगळे वाटतात. कोल्हापुरातनं बाहेर पडून शिरोलीच्या पुलावर अर्धा तास उभी रहा, एकाच रस्त्यावरनं कास्टिंगचा, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचा, ट्रक मुंबईच्या बंदराकडं चाललेला असतो आणि त्याच्या मागच्याच वडापमधनं बिहारची चार पोरं पिशव्या घेऊन उतरत असतात. ते दोन पेपर आहेत का एक, तूच सांग.

माझं कसं झालं ते सांगतो. आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, भात आणि नाचणी, बाकी पोटाला मुंबई. घरटी एक माणूस गिरणीत. वडील लालबागला खोलीत पंधरा जणांबरोबर राहायचे आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला मनिऑर्डर यायची. त्या फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळी लिहायला जागा असायची, वडील तिथं बारीक अक्षरात लिहायचे, बैलाला औषध आण, पोराची फी भर, असलं. आई ती पट्टी फाडून फडताळात ठेवायची, पैसे संपायचे पण पट्ट्या राहायच्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, मी तेव्हा एसवायला होतो. फेब्रुवारीत पट्टी आली नाही. मार्चमध्ये पण नाही. पावसाळ्याआधी वडील लोखंडी ट्रंक घेऊन स्वतःच आले.

आता गंमत बघ, गंमत कसली म्हणा, त्याच काळात माझा चुलतभाऊ इचलकरंजीला मागावर लागला. गिरण्यांचं कापड बंद पडलं म्हणून लोक उघडे थोडेच फिरणार होते, ते कापड यंत्रमागावर निघायला लागलं, तशी गिरण्यांची जागा माग आधीपासनंच खात होते, संपानं ते घाईनं झालं. म्हणजे कापड जिकडं सरकलं तिकडं आमच्या घरातला एक माणूस सरकला आणि दुसरा माणूस जिथनं सुटला तिथनं परत आला. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळायला वीस वर्षं गेली आणि मधली बरीचशी वर्षं मी याच्या बरोबर उलटं शिकवलं.

उलटं म्हणजे काय ते सांगतो, कारण तुझा सगळा प्रश्न तिथंच अडकलाय. व्यापाराचं शिक्षण आपल्याकडं डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञापासनं सुरू होतं. १८१७ चं पुस्तक, इंग्लंड-पोर्तुगाल, कापड आणि वाइन. पोर्तुगालला वाइनला ८० माणसांचे वर्षभराचे श्रम, कापडाला ९०, इंग्लंडला वाइनला १२० आणि कापडाला १००. पोर्तुगाल दोन्हीत हुशार तरी त्यानं वाइनच करावी आणि इंग्लंडनं कापड, दोघांचा फायदा. हे गणित आपण सगळ्यांनी घोकलंय. पण त्याच्यात एक अट आहे जी आपण फळ्यावर लिहितो आणि पुसतो : माणसं एका देशातनं दुसऱ्या देशात जात नाहीत. जात असती तर इंग्लंडची माणसं उठून पोर्तुगालला नसती का गेली! आणि ही अट घालणारा माणूस कोण, तर ज्याचे वडील अॅमस्टरडॅमहून लंडनला येऊन स्थायिक झालेले आणि ज्याचं घराणं मुळात पोर्तुगालकडचं. माझ्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं पण वर बघायची.

पुढं १९४१ मध्ये स्टॉल्पर आणि सॅम्युअल्सन हे अर्थतज्ज्ञ आले. सोप्या भाषेत, ज्या देशात मजूर जास्त त्यानं व्यापार खुला केला की मजुराची मजुरी वाढते, कारण तो देश मजूर जास्त लागणारा माल बाहेर विकायला लागतो. मग १९५७ मध्ये मुंडेल, ज्याला पुढं १९९९ चं नोबेल मिळालं, त्यानं म्हटलं की माल आणि माणूस एकमेकांच्या बदल्यात चालतात. माल मोकळा सोडा, माणसाला हलायची गरज कमी होते. माल अडवा, माणूस किंवा भांडवल हलतं. ऐकायला किती पटतं ना? मलाही पटलं. १९९१ ला आपण दारं उघडली आणि मी १९९६ ला पीएचडी सबमिट केली, त्यात ठासून लिहिलं की खुल्या व्यापारानं आपल्या भागातलं पोटासाठीचं स्थलांतर हळूहळू कमी होत जाईल. परीक्षकांनी कौतुक केलं. प्रबंध बाइंडिंगवाल्याकडनं आणला तेव्हा वडील हयात होते, त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाले बरा आहे.

चुकलं होतं ते. २००४ च्या आसपास शिरोली एमआयडीसीत एक जुना विद्यार्थी फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, होता, त्याच्या ओळखीनं मी आठवड्यातनं दोन दिवस तिथं जायला लागलो. मोल्डिंगवर अजून आपल्याकडची जुनी माणसं होती पण फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासायचं जे काम, जिथं धुरळा आणि ठिणग्या आणि कानठळ्या, तिथं सगळी पोरं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची. आणि बाहेर शेडमध्ये लाकडी पेट्या, त्यांच्यावर जर्मनीतला पत्ता. मालकाला विचारलं, परदेशी ऑर्डर आली की पहिलं काय करता? तो म्हणाला, "सर, दोन फोन. एक पिग आयर्नवाल्याला, दुसरा ठेकेदाराला, पोरं पाठव म्हणून." मी त्याच्याकडं डिस्पॅच रजिस्टर आणि हजेरीचा मस्टर मागितला, दोन्ही वह्या शेजारीशेजारी उघडून बसलो. माल वाढला की दीड-दोन महिन्यांनी मस्टरवर नवीन नावं वाढत होती. मुंडेलच्या हिशोबानं कमी व्हायला पाहिजे होती.

घरी येऊन पुस्तकं उलटीपालटी केली तेव्हा कळलं याचं उत्तर १९८३ मध्येच मार्कुसेन नावाच्या अर्थतज्ज्ञानं दिलंय. मुंडेलचं गणित चालतं ते दोन्हीकडचं तंत्र सारखं आणि फरक फक्त मजूर-भांडवलाच्या साठ्यात असेल तर. तंत्रात फरक असला, एका ठिकाणी शंभर वर्षांचं कसब साठलेलं असलं, तर मालाचा व्यापार आणि माणसाचं जाणं एकमेकांच्या हातात हात घालून वाढतात. कोल्हापूरला ऑइल इंजिनांपासनंची यंत्रकामाची परंपरा आहे, उद्यमनगरात बोळाबोळात लेथ आहेत, हे कसब उचलून बिहारमधल्या छपऱ्याला नेता येत नाही. म्हणून माल इथनं जातो आणि माणूस तिथनं येतो. मार्कुसेन मी एमएला वाचला नव्हता, शिकवणाऱ्यांनीही वाचला नव्हता, अभ्यासक्रमात नव्हता म्हणून. तू आजच वाच.

आणि आपली पोरं कुठं गेली? चाकणला, हिंजवडीला, काही दुबईला. ज्या वाटेनं आपलं पोरगं बाहेर गेलं त्याच वाटेनं दुसऱ्याचं आत आलं. यावर लोक मला नेहमी विचारतात की परप्रांतीय आले म्हणून आपल्या पोरांचे पगार पडले का. त्याला मी मायामीचं उदाहरण देतो. १९८० मध्ये क्युबातनं साधारण सव्वा लाख माणूस काही महिन्यांत अमेरिकेत आला, त्यातला निम्मा मायामीत राहिला, शहरातले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्डनं १९९० मध्ये दाखवलं की कमी शिकलेल्या स्थानिकांच्या मजुरीवर दिसण्यासारखा परिणाम झाला नाही. पुढं बोर्हास या दुसऱ्या अर्थतज्ज्ञानं तेच आकडे वेगळ्या तऱ्हेनं कापून म्हटलं की शाळा अर्धवट सोडलेल्यांची मजुरी पडली होती. वाद अजून मिटलेला नाही, कार्डला २०२१ चं नोबेल मिळालं तरी नाही. माझं मत विचारशील तर शिरोलीत फेटलिंगला आपलं पोरगं उभंच राहत नव्हतं, त्यामुळं त्याचा पगार कोणी पाडला हा प्रश्न तिथं लागू होत नाही, पण हेल्पर आणि पॅकिंगला थोडा लागू होतो. लॉकडाऊनमध्ये हे उघडं पडलं. १ मे २०२० पासनं श्रमिक रेल्वे सुटायला लागल्या, ती पोरं गेली, भट्ट्या चालू करायची परवानगी मिळाली तरी भट्टीपुढं उभं राहायला माणूस नव्हता. जो मालक आधी ठेकेदाराला फोन लावायचा तो त्या जूनमध्ये पोरांना गावाकडं स्वतः फोन लावत होता, तिकीट मी काढतो म्हणून.

आता ऊसतोडीचं, कारण माझी खरी शाळा ती. दिवाळीच्या आसपास बीडकडनं टोळ्या येतात, तुला माहितीच आहे, तुमच्या रानाकडंला पण खोप्या पडत असतील. मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न होता, आपले मूळ गाव कोणते. एक बाई वाढ्याची पेंढी बांधत होती, ती म्हणाली, "आत्ताचं का गेल्या सालचं?" तिच्या दृष्टीनं गाव म्हणजे ज्या कारखान्याला टोळी लागली ते. दुसरा प्रश्न, कामगाराचे नाव व मजुरी. मुकादम हसला, म्हणाला गुरुजी, इथं कामगार नसतो, कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा आला तर अर्धा कोयता. वहीत उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, कोयत्यावर लिहिलेली, टनाचे पैसे कोयत्यावर, बाईचं नाव कुठंच नाही. माझ्या प्रश्नावलीत प्रत्येक ओळ एका माणसाची होती, सगळी छापून नेलेली, दोनशे प्रती, त्या संध्याकाळी चुलीत गेल्या. खरंच गेल्या, त्या पेंढीवाल्या बाईनंच चहा केला त्याच्यावर.

याच्यातलं अर्थशास्त्र असं की हॅरिस आणि टोडॅरोचं १९७० चं मॉडेल एकट्या माणसाचं आहे. तो गावातली मजुरी आणि शहरातली अपेक्षित मजुरी यांची तुलना करतो, अपेक्षित म्हणजे पगार गुणिले नोकरी मिळायची शक्यता. गावात महिन्याला १०,००० मिळतात, फाउंड्रीत १८,००० आणि काम मिळायची शक्यता चारात तीन, म्हणजे १३,५००, तर माणूस उठतो. बिहारच्या पोराला हे लागू पडतं. पण कोयत्याला नाही. तिथं १९८५ चा स्टार्क आणि ब्लूमचा विचार लागतो, की निर्णय घर घेतं, आणि मजुरीच्या फरकाइतकंच कर्ज आणि विमा न मिळणं हे कारण असतं. बँक दारात उभं करत नाही, पाऊस पडंल का नाही माहीत नाही, लेकीचं लग्न वैशाखात आहे, तर मुकादमाची उचल हेच कर्ज आणि सहा महिन्यांचं अंग हेच तारण. माझ्या वडिलांची मनिऑर्डर पण तेच होती बघ, आमच्या भाताचा विमा. ते कळलं तेव्हा मी कोणाशी बोललो नाही दिवसभर.

आणि इथं व्यापार कुठनं आला? साखरेतनं आला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं आपल्या साखर अनुदानाविरुद्ध डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, तक्रार केली, डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निकाल आपल्या विरोधात गेला, आपण अपील केलं. मग जून २०२२ पासनं देशातले भाव वाढू नयेत म्हणून आपणच निर्यातीवर बंधन घातलं, २०२३-२४ च्या हंगामाला तर निर्यातीचा कोटाच दिला नाही, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनाला परवानगी दिली. दिल्लीत एक अधिसूचना निघते, गोदामात पोती थांबतात, कारखान्याचा पैसा अडकतो, एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा उसाचा ठरलेला दर, लांबते, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आवाज चढतो, आणि याच साखळीच्या शेवटाला बीडमधल्या एका वाडीत मुकादम सांगतो की यंदा उचल कमी. पेपरात पहिल्या कड्या येतात. शेवटची कडी कोण बघतंय? तू बघ.

आकडेवारीबद्दल सावध करतो, कारण इथं भलेभले घसरतात. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ४५ कोटी स्थलांतरित निघाले. एवढा आकडा ऐकला की लोकांना वाटतं अर्धा देश रेल्वेत बसलाय. त्यातल्या बहुतेक बायका आणि कारण लग्न. माझी बायको निपाणीची. कोल्हापूरपासनं चाळीस किलोमीटर, भाषा मराठी, सण सारखे, पण निपाणी कर्नाटकात म्हणून ती सरकारी कागदावर आंतरराज्य स्थलांतरित. हे मी तिला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग तुमच्या खात्याकडनं काय भत्ता वगैरे आहे का. उलट ऊसतोडीवाला, जो खरंच घरदार उचलून येतो, तो निसटतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेला. हंगाम सहा महिन्यांच्या वर सरकला की तो या खान्यातनं बाहेर, आणि घर तर गावाकडंच म्हणून दुसऱ्या खान्यातही धड बसत नाही. परत पाहणीवाला ज्या महिन्यात वाडीवर जातो त्या महिन्यात घराला कुलूप. पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेची आहे. म्हणजे मोजणीच्या वेळी टोळ्या आपल्याकडं रानात असणार. तुझ्या पीएचडीच्या मुदतीत बसतंय हे, असा योग माझ्या वेळी आला नव्हता.

व्यापाराच्या आकड्यांचं वेगळंच. कोल्हापूरची निर्यात किती असं विचारलं की वर्षानुवर्षं उत्तर मिळायचं नाही, कारण माल न्हावा शेवाच्या बंदरात नोंदवला जायचा, तो कुठल्या जिल्ह्यात ओतला हे कोण बघतंय. आणि कोड. प्रत्येक मालाला एक आंतरराष्ट्रीय आकडी कोड असतो, पहिले सहा आकडे जगभर सारखे. कास्टिंग ७३२५ मध्ये दिसेल असं वाटतं, पण थोडं मशीनिंग करून पाठवलं की तेच पंपाचा किंवा गाडीचा भाग होऊन ८४ किंवा ८७ च्या प्रकरणात जाऊन बसतं. चपलेचं तर बघच. ६४०३२० या कोडची व्याख्या वाच : चामड्याचा तळ, आणि वर पायावरनं जाणारे व अंगठ्याभोवतीचे चामड्याचे पट्टे. जगाच्या जकातीच्या वहीत आपली कोल्हापुरी चप्पल नाव न घेता बसलीय! २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून, आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल दाखवल्यावर सगळा देश चप्पलप्रेमी झाला. मला त्या वादात रस वेगळ्या कारणासाठी होता. मानांकन मालाला मिळतं, तो करणाऱ्या हाताला नाही, आणि त्या कारागिरांची पोरं किती बाहेर पडली हे कोणत्याच कोडमध्ये नसतं. सुभाषनगरात जाऊन विचारायला लागतं.

अंतराचं मॉडेल मात्र शिकून घे, ग्रॅव्हिटी म्हणतात. टिनबर्गेननं १९६२ मध्ये व्यापाराला लावलं : दोन देशांची अर्थव्यवस्था जेवढी मोठी तेवढा व्यापार जास्त, मधलं अंतर जेवढं जास्त तेवढा कमी. आणि माणसांबद्दल हीच गोष्ट रेव्हेनस्टाइननं १८८५ मध्ये लिहून ठेवलीय, बहुतेक लोक जवळच जातात. एकच यंत्र दोघांना चालतं. मॅक्कॅलमनं १९९५ मध्ये कॅनडा-अमेरिकेवर दाखवलं की अंतर आणि आकार सारखा धरला तरी कॅनडाचे प्रांत आपसात अमेरिकेतल्या राज्यांपेक्षा २२ पट व्यापार करतात, नुसती सीमारेषा एवढी आडवी येते. निपाणीच्या रेषेवर हे कोणीतरी लग्न, तंबाखू आणि दूध तिन्ही धरून करायला पाहिजे असं मी वीस वर्षं म्हणतोय. कर तूच.

पण ग्रॅव्हिटी जिथं हरतं ती ठिकाणं जास्त मजेची. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले, सोनं-चांदी गाळायला केरळपासनं पंजाबपर्यंत पोचले, अंतराचं कुठलंच गणित त्यांना लागू होत नाही. एक मामा गेला, त्यानं भाचा नेला, भाच्यानं मेहुणा. आणि आपलं कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथं साधारण ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरियातनं सुटून आलेली. आज महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं. ते गेले आणि त्याच छावणीच्या जागेत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली. ते आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा आणि निम्मं बेळगाव जिथं जातं ती कापडाची होलसेल पेठ कोणी आखून वसवली नाही, रिकाम्या हातानं आलेल्या माणसांच्या उल्हासनगर, अहमदाबाद, सुरतच्या पाव्हण्यांनी उधारीवर माल पाठवला म्हणून ती उभी राहिली. गूल्ड या अर्थतज्ज्ञानं १९९४ मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर हेच दाखवलं, की माणूस जिथनं आला तिथल्याशी व्यापार वाढतो कारण ओळख आणि भरवसा तो घेऊन येतो. मी वर्गात गूल्ड शिकवताना गांधीनगरचं नाव काढलं की पोरं म्हणायची सर, हे तर आम्हाला माहितीच होतं. माहिती असतंच गं. ते प्रश्न म्हणून दिसत नसतं. शिरोलीत माल आधी आणि माणूस मागनं, गांधीनगरात माणूस आधी आणि माल मागनं. माझ्या नोकरीभराचं काम या दोन वाक्यांत संपतं आणि कुठं काय आधी आणि का, हे अजून नीट सुटलेलं नाही.

एकदा एका चर्चासत्रात हे मांडलं तर अध्यक्षस्थानी बसलेले म्हणाले हे अर्थशास्त्र नव्हे, समाजशास्त्र आहे, पुढचा पेपर. जेवणाच्या रांगेत त्यांनीच मला विचारलं गांधीनगरात साड्या कुठं चांगल्या मिळतात.

हॅरिस-टोडॅरो कुठं गंडतं ते पण सांगतो, तुझ्या पिढीचं आहे म्हणून. पुण्यात एमपीएससीची तयारी करणारं पोरगं घे. गावात दुकानावर १२,००० मिळत असतील, पोस्ट मिळाली तर समज ६०,०००, मिळायची शक्यता शंभरात एक. गुणाकार ६०० येतो. मॉडेलप्रमाणं सदाशिव पेठ रिकामी पाहिजे! वर्गात विचारलं का जातात मग, तर एक पोरगं उठून म्हणालं, "सर, तयारी करतोय म्हटलं की स्थळ तरी येतात." महिन्याच्या पगाराऐवजी जन्मभराची खात्री, पेन्शन, लग्नाचा बाजार धरला तर गुणाकार बदलतो. मॉडेल टाकून देऊ नकोस, त्यात काय घालायचं राहिलं ते शोध.

करिअरचं सरळ सांगतो. आपल्याकडं सीनियर कॉलेजच्या कायम जागा थोड्या, नेट-सेट-पीएचडी झालेली पोरं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतायत, तासाचे पैसे पण सहा-सहा महिन्यांनी मिळतात. नोकरीसाठी म्हणून पीएचडी करणार असलीस तर करू नकोस, बँकेची परीक्षा दे. करायचीच असली तर इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकड्यांवर अर्थशास्त्र तपासायचं तंत्र, आणि एक सॉफ्टवेअर इतकं पक्कं कर की गोखले इन्स्टिट्यूट, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमचं सीडीएस हे संशोधन केंद्र इथं उभी राहू शकशील. सीडीएसनं १९९८ मध्ये केरळ मायग्रेशन सर्व्हे सुरू केला, झकरिया आणि इरुदया राजन यांनी, कोण गेलं, किती पैसे पाठवले, परत आल्यावर काय केलं, ठरावीक वर्षांनी परत परत त्याच तऱ्हेनं विचारत. असं काम आपल्या चार जिल्ह्यांपुरतं जरी कोणी केलं तरी लई झालं. इंग्रजीत लिहायला शिक कारण परीक्षक तिकडं आहेत, आणि मराठीत लिहायचं सोडू नकोस, अर्थसंवाद या मराठी अर्थशास्त्राच्या नियतकालिकात एक लेख आला की तालुक्यातनं पाच फोन येतात, इंग्रजी जर्नलमधल्या लेखावर मला नोकरीभरात दोन मेल आले, त्यातला एक वर्गणीसाठी होता.

परत सुरुवात केली तर काय वेगळं? १९९६ चा निष्कर्ष लिहायच्या आधी शिरोलीला गेलो असतो, एवढंच. आठ किलोमीटर होतं, सायकल होती.

वह्या सगळ्या पोटमाळ्यावर आहेत. फाउंड्रीच्या तीन, ऊसतोडीच्या सात (एकीला वाळवी लागलीय पण वाचता येते), आणि आईनं ठेवलेल्या मनिऑर्डरच्या पट्ट्या बिस्किटाच्या डब्यात, त्या फक्त बघायच्या, न्यायच्या नाहीत. तुझ्या वडिलांना माझं घर माहीत आहे. रविवारी अकराच्या आत ये, नंतर मी बाजारात असतो, आणि येताना एखादं दणकट पोरगं घेऊन ये कारण माझ्याच्यानं आता शिडी चढवत नाही.